टोमॅटो उपटायच्या आधी बांधावरचं गाजरगवत बघा

प्रश्न जुन्नर तालुक्यातून आलाय. दीड एकर टोमॅटो, लागवडीला ३८ दिवस झालेले, मल्चिंग आणि ठिबकवर, बांबू-तार नुकतीच पूर्ण. पश्चिमेच्या बांधापलीकडे शेजाऱ्याचा सुरू ऊस (डिसेंबर ते फेब्रुवारीत लावतात तो). एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्या उसात तणनाशक मारलं. दुसऱ्याच दिवशी टोमॅटोचे शेंडे मान टाकल्यासारखे झाले आणि आठवड्याभरात नवी पानं सुतळीसारखी बारीक निघायला लागली. दुकानदार म्हणतो व्हायरस आहे, उपटून टाका. शेजारी म्हणतो मी माझ्या उसात मारलं, तुमच्या रानात पाय ठेवला नाही. विचारणं असं की हे नक्की काय आहे, झाड सुधारेल का, वरून काही मारता येईल का आणि भरपाई कुणाकडे मागायची.

आधी एवढंच सांगतो, की आज उपटू नका. का ते पुढे येतंच.

दुकानदाराला फार दोष देता येत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात नगर-पुणे पट्ट्यात टोमॅटोवर 'तिरंगा' नावाच्या व्हायरसची जी हवा झाली, तेव्हापासून आपल्याकडे टोमॅटोचं पान जरा वाकडं दिसलं की व्हायरस हाच शब्द तोंडावर येतो. आणि २,४-डी या उसातल्या तणनाशकाने बिघडलेलं टोमॅटोचं पान काकडीच्या मोझॅक व्हायरसने बिघडलेल्या पानासारखं खरोखरच दिसतं. पातं आक्रसतं, कडा नाहीशा होतात, शीर तेवढी उरते. नुसतं पान हातात घेऊन, किंवा मोबाईलवर एका पानाचा फोटो बघून, मीसुद्धा छातीठोक सांगणार नाही.

एकदा सांगितलं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी इंदापूरकडे एका ओळखीच्या बागायतदाराची ढोबळी मिरची अशीच मुरडली. मी चार झाडं बघितली, 'चुरडा-मुरडा आणि व्हायरस, दोन्ही आहे, काढा' म्हणालो आणि गाडीत बसलो. त्यांनी अर्धा एकर काढली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कामासाठी त्याच बांधावरून गेलो तर बांधावरचा शेवगा, भेंडीची दोन झाडं आणि खालचं गाजरगवत, सगळ्यांचे शेंडे सारखेच पिळवटलेले. मिरचीचा व्हायरस शेवग्याला आणि गाजरगवताला एकाच आठवड्यात एकाच तऱ्हेने होत नाही. ते मी त्या दिवशी न बघितल्यामुळे त्यांचा अर्धा एकर गेला. तेव्हापासून कुठल्याही प्लॉटवर गेलो की पिकाच्या आधी बांध बघतो.

तुम्हीही तेच करा. उसाच्या बाजूच्या बांधावर उभे राहा आणि रुंद पानाचं जे काही उगवलंय ते बघा: गाजरगवत, आघाडा, घोळ, पपई असेल तर पपई, प्लॉटच्या कडेला झेंडू लावला असेल तर झेंडू. मग त्यांच्या शेजारची हराळी आणि मका बघा. रुंद पानाचे सगळे वाकडे आणि गवतवर्गातले सगळे सरळ, असं दिसलं तर निकाल जवळपास लागलाच. २,४-डीचं कामच तसं आहे. झाडात वाढ नेमून देणारं जे नैसर्गिक ऑक्सिन असतं, त्याची ही नक्कल आहे. झाड स्वतःचं ऑक्सिन वापरतं आणि मोडून टाकतं. या नकलेला रुंद पानाच्या झाडाला तेवढ्या वेगाने मोडता येत नाही. मग खोडाची एक बाजू भराभर वाढते, दुसरी मागे राहते आणि शेंडा पिळवटतो. ऊस, ज्वारी, मका त्याला बऱ्यापैकी मोडून किंवा अडवून ठेवतात, म्हणून तर ते उसात मारता येतं. १९४५-४६ मध्ये हे औषध बाजारात आलं त्यामागे रुंद पान मारायचं आणि गवतवर्ग सोडायचा, हीच खुबी होती.

बांध झाला की प्लॉटमध्ये शिरा, उसाच्या कडेपासून पलीकडच्या कडेकडे सरळ चालत जा. दर पाच ओळींनी थांबून दहा झाडं बघा आणि किती वाकडी ते वहीत लिहा. वाऱ्याने आलेलं औषध कडेला जास्त आणि आत जाल तसं कमी, असा उतार दाखवतं. मध्ये शेडनेटचा पडदा किंवा मक्याची दाट ओळ असेल तर तिच्या आडची झाडं बरी दिसतात, जणू सावलीत बसलीयत. व्हायरस असा उतार पाळत नाही. तो पांढरी माशी, मावा जिथे बसला तिथे सुरू होतो, एक झाड इथे, दोन तिथे, आणि दर आठवड्याला नवी झाडं पकडतो. औषधाचा मार एकदाच बसतो. आज वीस झाडांना रंगीत सुतळी बांधा, दहा वाकडी आणि त्यांच्या शेजारची दहा चांगली. दहा दिवसांनी चांगल्या दहांपैकी काही नव्याने बिघडली तर मी व्हायरसचा विचार करेन. तशीच राहिली तर नाही.

पानावर हिरवे-पिवळे डाग आहेत का तेही बघा. मोझॅकमध्ये असतात. २,४-डीमध्ये पान आकाराने बिघडतं, रंग बहुधा टिकून असतो. आणि खोडाकडे दुर्लक्ष करू नका. जमिनीपासून वीतभर उंचीवर बोट फिरवा. खोड फुगलेलं, उभं चिरलेलं, त्यावर पांढुरक्या बारीक पुटकुळ्या असतील तर त्या खोडातून फुटू पाहणाऱ्या मुळ्या आहेत. ऑक्सिन जादा झाल्याची ही खूण टोमॅटोत फार स्पष्ट दिसते आणि व्हायरसमध्ये मी ती पाहिलेली नाही.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात बोलकी वाटली ती वेळ. दुसऱ्या दिवशी मान टाकली, आठवड्यानं नवी पानं बिघडली. देठ आणि शेंडे वाकणं काही तासांत ते दोन दिवसांत होतं. पण सुतळीसारखी पानं निघाली ती त्या दुपारी डोळ्यात, कोंबात, अजून न उघडलेली होती. मार त्यांना तेव्हाच बसला, आपल्याला तो उघडल्यावर दिसला. त्यामुळे अजून आठ-दहा दिवस वाईटच पानं निघतील आणि तुम्हाला वाटेल की रोग वाढतोय. तो वाढत नाहीये.

आता शेजाऱ्याचं म्हणणं. 'तुमच्या रानात पाय ठेवला नाही' हे खरं असू शकतं आणि तरी नुकसान त्याच्याच औषधाचं असू शकतं. औषध दोन वाटांनी जातं. एक, थेंबाने. साधारण १०० मायक्रॉनचा थेंब, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढा, तीन मीटरवरून जमिनीवर यायला दहाएक सेकंद घेतो. ताशी पाच किलोमीटरच्या झुळकीतही तेवढ्या वेळात तो १३ मीटर सरकतो. २० मायक्रॉनचा थेंब चार मिनिटं तरंगतो आणि त्याच झुळकीत तीनशे मीटरच्या पुढे जातो. पाठीवरच्या पंपाला फ्लड जेट किंवा फ्लॅट फॅन नोझल लावून, गुडघ्याखाली धरून, हलक्या दाबाने मारलं तर असे बारीक थेंब कमी होतात. पण आपल्याकडे उसात एचटीपीची (जास्त दाबाच्या पंपाची) गन लावतात, दाब चढवतात, गन वर करून धुकं उडवतात आणि म्हणतात काय मस्त कव्हरेज आलं. कीटकनाशकाला जो फवारा चांगला, तोच तणनाशकाला घातक, हे अजून आपल्या डोक्यात बसलेलं नाही. आता ड्रोन आलेत. त्यांची फवारणी आणखी उंचावरून आणि एकरी आठ-दहा लिटर पाण्यात होते, म्हणजे थेंब बारीक आणि औषध घट्ट. टोमॅटोच्या शेजारच्या उसात ड्रोनने २,४-डी मारायला मी तरी हो म्हणणार नाही.

दुसरी वाट वाफेची, आणि एप्रिलच्या दुपारी मला तीच जास्त संशयास्पद वाटते. शेजाऱ्याकडे भांडायला जाऊ नका, पण डब्याचा फोटो मात्र मागा. २,४-डी तीन रूपांत मिळतं: सोडियम सॉल्ट ८० टक्के पावडर, अमाईन सॉल्ट ५८ टक्के, आणि इथाइल ईस्टर ३८ टक्के ईसी (पाण्यात दुधाळ होणारं तेलकट द्रावण). पहिल्या दोन्हींची वाफ फार होत नाही. ईस्टरची होते, आणि पारा तिशीच्या वर गेला की भरपूर होते. म्हणजे माणसाने नीट मारलं, वारा पडलेला होता, एक थेंब बांध ओलांडून गेला नाही, आणि संध्याकाळपर्यंत उसाच्या पानावरचं औषध वाफ होऊन उठलं व तुमच्या टोमॅटोवर आलं, असं घडतं. ही वाफ किलोमीटरभर गेल्याचे अनुभव आहेत. पुण्याच्या पट्ट्यात उन्हाळी टोमॅटो, ढोबळी, द्राक्ष, कलिंगड यांच्या आसपास ईस्टर वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्त पडतं म्हणून दुकानदार पुढे करतात.

वारा पडलेला असताना मारावं, हा सल्ला सगळेच देतात आणि तो अर्धाच बरोबर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सिंहगडावर गेलात तर खाली धुराचा एक थर सपाट पसरलेला दिसतो. गावाकडे दिवेलागणीला चुलीचा धूर वर न जाता वाडीवरच आडवा पसरतो, तोच प्रकार. जमिनीलगतची हवा गार आणि वरची गरम झाली की झाकण बसल्यासारखं होतं. अशा वेळी बारीक थेंब आणि वाफ विरून न जाता थरातच अडकतात आणि उताराकडे, ओढ्याकडे हळूहळू सरकत राहतात. ताशी तीन ते दहा किलोमीटरची, दिशा ठरलेली, तुमच्या नाजूक पिकाकडून लांब जाणारी झुळूक असताना मारणं हे निश्चल पहाटेपेक्षा सुरक्षित. थोडं पाचट पेटवून धूर बघा. धूर आडवा लोळत असेल तर पंप खाली ठेवा.

आपल्या जिल्ह्यात हा त्रास दर वर्षी ठरावीक दोन वेळा का होतो, हे एकदा पंचांग मांडून बघण्यासारखं आहे. पूर्वहंगामी ऊस १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर लागतो, त्यातली तणं नोव्हेंबर-डिसेंबरात मारतात. नेमकी तेव्हाच गोडी छाटणीनंतरची (फळासाठी करतात ती) द्राक्षाची कोवळी फूट आणि घड बाहेर असतात, आणि हरभरा कोवळा असतो. सुरू ऊस १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, त्याची तणं मार्च-एप्रिलात. त्या वेळी नारायणगाव पट्ट्यात टोमॅटो, आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्यांसाठी करतात ती) पुन्हा द्राक्षाची नवी फूट. द्राक्षाचं तर दुहेरी आहे. खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड ठरत असतो. तेव्हा मार बसला तर पानं पंख्यासारखी, दातेरी, शिरा जवळजवळ समांतर झालेली दिसतात आणि नुकसानीचा खरा हिशोब ऑक्टोबरनंतर घड मोजतानाच कळतो. कपाशी आपल्याकडे कमी, पण विदर्भ-मराठवाड्यातून विचारणारे असतात: कपाशीचं पान भेंडीच्या पानासारखं झालं तर पहिला संशय २,४-डीवरच घ्या. द्राक्ष, कपाशी, टोमॅटो या तिघांना उसाच्या मात्रेचा शंभरावा हिस्साही पुरतो, कधी त्याहून कमी.

बाकी तणनाशकांच्या खुणा वेगळ्या असतात, त्या झटकन सांगतो. पॅराक्वाट उडून आलं तर दुसऱ्या दिवशी जळके ठिपके पडतात, ते तिथेच थांबतात आणि पुढचं पान स्वच्छ निघतं. घाबरायचं कारण नसतं. ग्लायफोसेट आठ-दहा दिवस काहीच दाखवत नाही, मग नवी फूट बुडाकडून पिवळी-पांढरी, बारीक आणि झुपक्याने येते. फळबागेत ते फार वाईट. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करायचं बंधन घातलंय. बांधाबांधावर काय चालतं ते आपण सगळे बघतोच. मक्यातलं टेंबोट्रिऑन शेजारच्या सोयाबीनवर आलं तर नवी पानं पांढरीफेक पडतात. यातलं काहीच तुमच्या वर्णनाशी जुळत नाही.

एक प्रश्न मात्र मी तुम्हाला उलटा विचारणार, राग मानू नका. गेल्या पंधरा दिवसांत टोमॅटोवर फवारलेला पंप किंवा टाकी त्याआधी कुठे वापरली होती? माझ्याकडे 'शेजाऱ्याचं औषध उडालं' म्हणून येणाऱ्या तक्रारींत बऱ्याच वेळा औषध घरच्याच पंपातलं निघतं. हिशोब करा. १५ लिटरच्या पंपात, नळीत आणि गनमध्ये मिळून दीडशे मिली जुनं द्रावण राहिलं आणि वर टोमॅटोसाठी पाणी भरलं, तर बरोबर शंभरावा हिस्सा झाला. टोमॅटो मुरडायला तेवढं बस्स. अशा वेळी कडेकडून उतार दिसत नाही. पहिला पंप जिथून सुरू केला त्या ओळी सगळ्यात वाईट आणि पंपागणिक कमी कमी होत जातं. म्हणून ओळी मोजा म्हटलं. ईस्टर रबरी नळीला चिकटून बसतं आणि साध्या पाण्याने दोनदा खळबळून जात नाही. धुण्याच्या सोड्याचं किंवा अमोनियाचं पाणी भरून रात्रभर ठेवावं लागतं, नोझल आणि गाळणी सोडवून वेगळी धुवावी लागतात. सरळ मार्ग म्हणजे तणनाशकाचा पंप वेगळा, त्याला लाल रंगाचा पट्टा, आणि तो भाजीपाल्यात न्यायचाच नाही.

वरून काय मारायचं? उतारा असा काहीच नाही. दुकानातून 'डिटॉक्स' म्हणून जे देतील त्याने झाडात शिरलेलं २,४-डी बाहेर निघत नाही. अमिनो, समुद्री शेवाळ मारून मनाला बरं वाटेल, झाडाला फार फरक पडणार नाही. पण एक गोष्ट मुद्दाम टाळा: फूलगळ थांबवायला म्हणून एनएए असलेलं टॉनिक मारू नका. एनएए हेही ऑक्सिनच आहे. ऑक्सिनने बेजार झालेल्या झाडाला आणखी ऑक्सिन पाजल्यासारखं होईल. खुद्द २,४-डी अगदी सूक्ष्म मात्रेत टोमॅटोची फळधारणा वाढवायला वापरलं जायचं, यावरून झाड त्याला किती हळवं आहे ते लक्षात यावं. गिबरेलिक आम्ल, हे दुसरं वाढीचं संजीवक, तेही महिनाभर नको. झाडाला हवंय ते साधं: ठिबकचं पाणी नियमित, ताण नाही, पाणथळ नाही, नत्र थोडं थोडं विभागून, आणि पांढरी माशी-फुलकिड्यांचा बंदोबस्त, कारण अशक्त झाडावर खरा व्हायरस यायला वेळ लागत नाही. शेंडा पूर्ण पिळवटून थांबला असेल तर त्याखालची सशक्त बगलफूट राखून तिलाच शेंडा करा. हे काम दोन आठवड्यांनी, घाईने नाही. जमिनीतल्या २,४-डीची काळजी करू नका, साधारण दहा दिवसांत त्यातलं निम्मं मोडतं.

सुधारेल का, तर उसाकडच्या पहिल्या चार-पाच ओळींत जिथे खोड चिरलंय ती झाडं बहुधा वाया जातील. ती काढायची असतील तर दहा दिवसांनी काढा. बाकीच्यांचे पहिले एक-दोन घोस गळतील किंवा वेडीवाकडी, चोचीची, आतून पोकळ फळं देतील. ती तोडून टाका, बाजारात पाठवू नका. फवारणीच्या दिवशी झाडावर धरलेली लहान फळंही काढा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पान सरळ निघायला लागलं की पुढच्या घोसांवर माझा भरवसा आहे. तोडा दोन-तीन आठवडे लांबेल. मे अखेरीऐवजी जूनच्या मध्यावर माल निघाला तर भाव उलट बराही लागू शकतो, ते नारायणगावच्या मार्केटचं मार्केटलाच माहीत.

भरपाईचं कडू आहे. पीकविमा नैसर्गिक आपत्तीसाठी असतो, शेजारच्या तणनाशकासाठी त्यातून मिळत नाही. तरी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहाय्यकाला) बोलावून लेखी पाहणी करून घ्या, शेजाऱ्याच्या समोर. ओळींचा तक्ता, तारीख-वेळ उमटलेले फोटो, बांधावरच्या गाजरगवताचे फोटो, डब्याचा फोटो, त्या दिवशीचं तापमान आणि वाऱ्याची दिशा, सगळं एका कागदावर आणा. प्रयोगशाळेत अंश तपासायचे असतील तर आजच कोवळी पानं स्वच्छ पिशवीत, बर्फात ठेवून पाठवा. पानातलं प्रमाण रोज उतरत जातं आणि तीन आठवड्यांनी पाठवलेल्या नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून काही झालंच नाही असं ठरतं. हा कागद कोर्टापेक्षा बांधावरच जास्त उपयोगी पडलेला मी पाहिलाय. तक्ता समोर ठेवला की 'पाय ठेवला नाही' म्हणणारा माणूसही ओळी मोजायला वाकतो. दोघा-तिघा ठिकाणी शेजाऱ्याने रोपांचा आणि मजुरीचा खर्च उचलला, एका ठिकाणी काहीच दिलं नाही, पण त्या वर्षापासून मारायच्या आदल्या दिवशी फोन करायला लागला आणि ईस्टर सोडून अमाईनवर आला.

तुमची वहीतली मोजणी, बांधाचे फोटो आणि पंपाचं उत्तर इथेच टाका. सुतळी बांधलेल्या वीस झाडांचे फोटो आज, दहाव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी, त्याच उंचीवरून काढा. मध्ये कुणी कितीही सांगितलं तरी एकविसाव्या दिवसापर्यंत, चिरलेल्या खोडांच्या ओळी सोडल्या तर, एकही झाड उपटू नका.